गावातले सगळ्यात स्वच्छ बेकार

"बाबा, इथे वडिलांचा व्यवसाय विचारलाय. काय लिहू?"

शीराझ शाळेचा फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी उभी होती. मोंजीने कुसकुसच्या परातीतून मान वर केली नाही.

"लिही, वडील वारले."

रधियाच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. "जीभ आवर, मोंजी! लेकीशी असं बोलतात?"

मोंजीने कोट खांद्यावर टाकला आणि तो बाहेर पडला. जिन्यात पोचल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण परत फिरायला पाय तयार होईनात.

कसर हिलाल गावातली कापडगिरणी बंद पडून नऊ महिने झाले होते. एका शुक्रवारी मालकाने फाटकावर कागद चिकटवला आणि दोनशे माणसं रस्त्यावर आली. मोंजी तिथे मागांचा फिटर होता. बावीस वर्षांत एखादा अडलेला माग त्याच्या हाताखाली पुन्हा चालू झाला नाही, असं कधी घडलं नव्हतं. आता रधिया शिवणाच्या कारखान्यात जीन्स शिवत होती आणि घर तिच्या पगारावर चाललं होतं. ती कधी एका शब्दाने बोलली नाही. मोंजीला तेच जास्त टोचायचं. दिवसाढवळ्या घरात पुरुष दिसला तर शेजारी काय म्हणतील, म्हणून तो सकाळी सगळ्यांबरोबर बाहेर पडायचा, बसथांब्याजवळच्या कॅफेत एका कॉफीवर दिवस काढायचा आणि सगळ्यांबरोबरच परतायचा.

गंमत अशी, की त्याच कॅफेत गिरणीतले आणखी सातजण बसायचे. प्रत्येकाचं टेबल वेगळं, प्रत्येकाचं तोंड भिंतीकडे! जन्मभर एका छपराखाली घाम गाळलेली माणसं एकमेकांना ओळख देईनाशी झाली होती.

एके सकाळी मोंजीच्या टेबलाशी न विचारता कोणीतरी खुर्ची ओढली. खमायस मास्तर! गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ते सांस्कृतिक भवनात हौशी लोकांचा सिनेमा क्लब चालवत होते.

"मोंजी, मला आठ बेकार हवेत," मास्तर म्हणाले. "सिनेमा काढतोय. विनोदी."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

मोंजीचा चेहरा तांबडा झाला. मास्तर मात्र थाटात गोष्ट सांगू लागले. आठ माणसांची नोकरी जाते. बायकांना कळू नये म्हणून ते रोज कामाचे कपडे घालून निघतात आणि लपायला जागा नाही म्हणून हमामात, गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात, जाऊन बसतात. रोज अंग घासतात. गावातले सगळ्यात स्वच्छ बेकार! एक दिवस गप्पांत दुपार होते, बायकांची वेळ सुरू होते आणि बाहेर पडायची वाट बंद. मग म्हाताऱ्या बायकांच्या पांढऱ्या, पायघोळ सफसारी डोक्यावरून पांघरून एकेकाने पळ काढायचा.

"सगळ्यात पुढे तू," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमचा मान ठेवतो म्हणून गप्प बसलोय," मोंजी उसळून म्हणाला. "लोक पाठीमागे हसतात ते थोडं झालं? आता तोंडावर हसवता?"

"पाठीमागे हसतात तेव्हा तू काय करतोस?"

"काय करणार? मान खाली घालतो."

"बघ! तिथे हसू त्यांच्या हातात असतं. पडद्यावर ते तुझ्या हातात असेल. कधी हसायचं आणि कधी गप्प व्हायचं, हे तू ठरवशील." मास्तरांनी आवाज खाली आणला. "पोरा, गिरणी मालकाने बंद केली. मग तोंड तू का लपवतोस? चूक कोणाची आणि लाज कोणाला!"

मोंजीने रिकामा कप बाजूला सरकवला. मग शेजारच्या टेबलावरचा लाझहर, रंगखात्यातला धिप्पाड गडी, भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "मास्तर, माझ्या मापाची सफसारी मिळेल का?"

आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्या कॅफेत आठही जण एकदम हसले.

पुढच्या सहा आठवड्यांत हमामवाल्याने सुट्टीचा दिवस दिला, कोणाच्या सासूने सफसारी दिल्या. कॅमेरा धक्के खात सरकतो असं दिसल्यावर मोंजीने जुन्या बाबागाडीची चाकं काढून दोन दिवसांत अशी गाडी बनवली, की कॅमेरा लोण्यावरून जावा तसा जाऊ लागला. "कोणी केली?" असं कोणी विचारलं की लाझहर छाती पुढे काढून सांगायचा, "आमच्या फिटरने!" आमच्या फिटरने. हे शब्द मोंजीने कितीतरी दिवसांनी ऐकले होते.

शेवटचा प्रसंग होता तो नवऱ्याने बायकोला खरं सांगण्याचा. बायकोचं काम क्लबातल्या सलवाबाई करत होत्या. सिनेमातलं तिचं नाव झोहरा. मोंजीने तोंड उघडलं आणि तो पाठ केलेलं सगळं विसरला.

"रधिया," तो म्हणाला, "तू कमावतेस याची मला लाज नव्हती गं. मी रिकामा बसलेला तुला दिसेन, याची होती."

कॅमेरा चालूच होता. भानावर येताच मोंजी ओरडला, "पुसा ते! पुन्हा घेऊ!"

"घेऊ," मास्तर म्हणाले. "पण कोणतं ठेवायचं, ते तू सांगायचं."

तीन दिवस त्याला नीट झोप लागली नाही. चौथ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला आणि दारातूनच म्हणाला, "पहिलंच राहू द्या."

सिनेमा दाखवला त्या शनिवारी दुपारी भवनाचा हॉल गच्च भरला. हमामातून आठ सफसारी धावत सुटल्या, लाझहरच्या सफसारीखालून केसाळ पोटऱ्या दिसल्या, तेव्हा बायका एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या. हसून हसून रधियाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग पडद्यावरून तिचं स्वतःचं नाव आलं आणि हॉल एकाएकी शांत झाला. रधियाने पडद्यावरची नजर न हलवता शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"वेड्या," ती हळूच म्हणाली, "हे ऐकायला मला दोनशे माणसांत यावं लागलं?"

"घरी जमत नव्हतं," मोंजी म्हणाला.

त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या शीराझने पुढे वाकून त्याच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी चुकलो, पोरी," तो तिला म्हणाला. तिने नुसतं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं.

सिनेमाने गिरणी उघडली नाही. मोंजी आणि लाझहर आता शिवणाच्या कारखान्यांतून यंत्रं दुरुस्त करत हिंडतात. कधी आठवड्यात चार दिवस काम मिळतं, कधी एकच. काम नसेल त्या दिवशी मोंजी घरी चुलीशी उभा असतो आणि खिडकी सताड उघडी ठेवतो.

परवा तो रोजगार कार्यालयाच्या रांगेत उभा होता. पुढे चाळिशीतला एक माणूस कॉलर वर करून, चेहरा लपवून उभा होता. नवीन होता, कळतच होतं.

"कुठल्या कारखान्यातला?" मोंजीने मोकळ्या आवाजात विचारलं.

तो दचकला. "हळू बोला, दादा! कोणी ऐकेल."

"ऐकू दे की! मी गिरणीतला फिटर, मोंजी. तुझं नाव सांग, हुन्नर सांग. कॉलर खाली कर आधी, गरम होत असेल."

माणसाने कॉलर खाली केली.

वाचकहो, नोकरी ही कोणीतरी दिलेली गोष्ट आहे. देणारा ती काढूनही घेऊ शकतो. पण हातातली कला, घरातली माया आणि ताठ मान त्याने दिलेली नव्हती, मग ती त्याच्याबरोबर का जाऊ द्यायची? आपल्या शेजारी कोणी बेकार झाला असेल तर त्याला "काय करतोस सध्या?" असं विचारण्याआधी "ये, बस" म्हणा. आणि आपल्यावरच ती वेळ आली, तर घराची खिडकी बंद करून घेऊ नका!