ऐंशी अक्षरांच्या आत

ऑफिसात मला पाठीमागे 'तपासनीस' म्हणतात आणि तोंडावर 'मॅडम'. मला दोन्ही चालतं. कोड लिहिणारी माणसं हुशार असतात, पण स्वयंपाक करून ओटा न पुसणाऱ्यांतली असतात. म्हणून आमच्याकडे नियम आहेत आणि नियमांवर मी आहे. एक ओळ ऐंशी अक्षरांच्या आत. नावं पूर्ण आणि अर्थ लागेल अशी. ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडायची नाही. लोक नाक मुरडतात आणि मग गुपचूप नीट लिहितात.

आम्ही रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवतो. माझे धाकटे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, याच ऑफिसात आहेत. त्यांनी एक प्रोग्राम लिहिलाय. त्याला तपासण्यांचा तक्ता द्यायचा, बटण दाबायचं, की अर्ध्या मिनिटात तो स्वतःच कोड लिहून देतो. त्रेसष्ट तपासण्या, त्रेसष्ट फाईली. काम चोख, पण फाईलींचा अवतार बघवत नाही. दोन-दोनशे अक्षरांच्या ओळी आणि नावं काय तर 'क१', 'क२', 'क३'. भाऊजींनी त्या फाईली माझ्या नियमांच्या तपासणीतून वगळून ठेवल्या होत्या. "वहिनी, त्या कोणी वाचायच्या नसतात," असं ते म्हणायचे. सहा वर्षं मला ती सूट खुपत होती.

मग भाऊजी रजेवर गेले. माझ्या जाऊबाईचे दिवस भरले होते. रजा सुरू होण्याआधी ती मुद्दाम माझ्याकडे येऊन बसली.

"ताई, या वेळी ऑफिसातून एकही फोन यायला नको. थोरल्याच्या वेळी हे वॉर्डाबाहेर लॅपटॉप उघडून बसले होते. मी आत एकटी होते. मी अजून विसरलेले नाही."

"नाही येणार," मी म्हणाले. "काही झालं तरी नाही. माझा शब्द."

आणि माझा शब्द म्हणजे ऑफिसच्या नियमांहून कडक. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, म्हणजे थोडंसं सांगतेही.

सोमवारी, भाऊजी नाहीत हे बघून, मी ती सूट काढून टाकली. माणसाला एक न्याय आणि यंत्राला दुसरा, हे मला पटत नाही. तपासणी चालवली तर तीन हजार आठशे सतरा तक्रारी निघाल्या. तेवढ्यात साहेबांनी जाहीर केलं की शुक्रवारी नवी आवृत्ती जाणार आणि तक्रार एकही चालणार नाही. तक्ता सांभाळणारी आमची सहकारी हळूच म्हणाली, "मॅडम, ती सूट परत घालूया का?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती चहा आणायला निघून गेली.

मी कंबर कसली आणि त्रेसष्ट फाईली हाताने नीट करायला घेतल्या. प्रत्येक फाईलच्या माथ्यावर भाऊजींची एक लांबलचक ओळ होती. "ही फाईल यंत्राने तयार केली आहे, हाताने बदलू नये, बदल पुढच्या खेपेला पुसले जातील, काही अडलं तर कृपया आधी मला विचारा." मजकूर मी वाचलाच नाही. अक्षरं मोजली, ऐंशीच्या कितीतरी पुढे गेली होती, म्हणून उडवली. प्रत्येक फाईलची सुरुवात तिथूनच केली. मग ओळी तोडल्या, नावं बदलली, चार ओळी झाल्या की फाईल सेव्ह केली. जुनी सवय आहे, वीज कधी जाईल सांगता येत नाही. तीन-साडेतीन दिवस मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

गुरुवारी दुपारी शेवटची फाईल झाली. तक्रारी शून्य. मी हात झटकत उठले आणि त्याच वेळी पलीकडे सहकारीने तक्त्यात एक नवी तपासणी भरून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात सगळं पाण्यात. फाईली जुन्या अवतारात परत, माथ्यावरच्या ओळीसकट, आणि वर चौसष्टावी बोनस.

"यांना कोणी हात लावला होता का?" तिने विचारलं. "बटण दाबायच्या आधी मी एक उघडून बघितली होती, तर 'हाताने बदलू नये' ही नेहमीची ओळ वर नव्हती."

मी खुर्ची ओढून परत बसले. मग सूट परत घातली. एक ओळ, दोन मिनिटं. आवृत्ती शुक्रवारी गेली. एवढी नाचक्की झाली, तरी भाऊजींना फोन केला नव्हता, हे समाधान मोठं होतं.

शनिवारी हॉस्पिटलात गेले. गुरुवारी सकाळी मुलगी झाली होती. भाऊजी खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते. मी खाटेजवळ बसले आणि कौतुकाची वाट बघू लागले. अगदी खरं सांगते, वाट बघत होते.

"ऑफिसातून एकही फोन आला नाही, ताई," जाऊबाई म्हणाली.

"शब्द दिला होता ना."

तिने उशाशी पडलेला भाऊजींचा फोन माझ्यासमोर धरला. संदेशच संदेश. 'फाईल सतरा, इशारा काढून बदल केला आहे.' खाली माझं नाव. 'फाईल सतरा', पुन्हा माझं नाव. माथ्यावरची ती इशाऱ्याची ओळ नसलेली फाईल कोणी सेव्ह केली की त्यांना कळावं, अशी सोय भाऊजींनीच करून ठेवली होती. एकूण चारशे अकरा.

"आवाज बंद करायचा की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"डॉक्टर त्याच फोनवर बोलवायचे. वाजला की हे उठून बाहेर जायचे, बघून परत यायचे."

"मग मला सांगायचं, थांबा म्हणून."

"ऑफिसला फोन करणार नाही, असा शब्द मी यांच्याकडूनही घेतला होता."

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "गुरुवारी सकाळी, ही झाली तेव्हा?"

"हे बाहेर होते. तुमची एकावन्नावी फाईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाईने मुलगी उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली, मानेखाली माझा हात नीट सरकवून दिला.

"ताई, एक फोन केला असतात," ती म्हणाली, "तर एकदाच वाजला असता."