गचक्याला उडणारा फ्यूज

"दुपारच्या आत ये की. आणि टेम्पोच घेऊन ये, चालत न्हाय ती," अमरसिंह फोनवर भंगारवाल्याला सांगत होता. ज्या गाडीबद्दल हे चाललं होतं, तिच्या बॉनेटखाली त्याच्या आईचं निम्मं अंग होतं.

शालूबाईंनी डोकं बाहेर काढलं. "कुणाला बोलीवलास?"

"आई, ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. माझं न्हाय."

अमरसिंह काही वाईट मुलगा नव्हे. मागच्या गुरुवारी चोकाक गावाजवळ गाडीचा फ्यूज उडाला, रेडिएटरचा पंखा बंद पडला आणि इंजिन तापून वाफा निघाल्या. त्याआधीही असंच झालेलं. ऑफिस सोडून तो धावला, तर आई रस्त्याकडेला एकटी बसलेली. घाबरलेली माणसं करतात तेच त्यानं केलं. गाडी मोडीत काढायची म्हणाला.

पण शालूबाईंची थोरली बहीण, आक्का, जयसिंगपुरात अंथरुणाला खिळून होती. सुना तिचं सगळं नीट करत. फक्त न्हाताना डोक्याला हात लावू द्यायची तो शालूलाच, दर गुरुवारी. शालूबाईंच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नव्हती. गाडी गेली की आक्काचा गुरुवार गेला. "मी नेतो की म्हैन्यातनं एकदा," असं अमरसिंह म्हणाला होता. महिन्यातून एकदा माणसाला न्हाऊ घालतात होय, एवढंच विचारून शालूबाईंनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

शिवाय ही गाडी त्या नवरा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर शिकल्या होत्या. शेजारच्यांचा कट्टा आणि एक म्हैस यांना धडक देऊन शिकल्या. म्हशीला काही झालं नाही, गल्ली मात्र वर्षभर हसत होती. हसणाऱ्यांच्या अंगणासमोरून त्या मुद्दाम हळू गाडी न्यायच्या.

गाड्यांचं वायरिंग करणारे हंबीरराव स्टुलावर डोकं धरून बसले होते. शालूबाईंच्या नवऱ्याचे, गणपतरावांचे, ते जुने दोस्त.

"वैनी, पंखा बदलला, हॉर्न बदलला. दोन्ही एकाच फ्यूजवर हाईत. तरी उडतोयच. आता फ्यूजच्या जागी जाड तारच टाकू का?"

"आणि पेटली म्हंजे? कुठंतरी दुखतंय म्हणून वरडतोय त्यो. त्याचं तोंड नका दाबू."

"मग करू काय?"

"ऐका माझं. एकदा स्पीडब्रेकरवर उडाला. एकदा शिरोलीच्या खड्ड्यात. चोकाकला म्हशी आडव्या आल्या, करकचून ब्रेक मारला, तवा. उभ्या गाडीत कधी उडलाय? न्हाय. गचका बसला की उडतोय. पंखा नवा, हॉर्न नवा, मग ऱ्हायलं काय? मधली वायर."

हंबीररावांनी मान वर केली. उठले, फ्यूज काढून त्याच्या जागी एक बल्ब जोडला. वायर कुठं उघडी पडून पत्र्याला टेकली, तर हा बल्ब पेटणार होता. "हलवा गाडी," ते म्हणाले.

"अमर, ये हिकडं. भंगारवाल्याला फोन लावायला हात चालतोय, ह्याला बी चालंल."

मायलेकांनी गाडी डावीकडून हलवली, उजवीकडून हलवली. हंबीररावांनी वायरींचे जुडगे ओढून पाहिले. बल्ब ढिम्म. अमरसिंह घाम पुसत म्हणाला, "बास आता, आई. म्हातारी झाली गाडी."

"मी बी झालीया. मला बी टेम्पोत घाल!" शालूबाई कडाडल्या आणि रागारागानं त्यांनी पुढच्या जाळीवर थाड्दिशी हात मारला.

बल्ब लुकलुकला.

"थांबा! परत मारा वैनी, तितंच!"

परत पेटला. जाळी उघडली, तर मागं गंजलेल्या तारेचा हा एवढा गुंता.

गणपतराव सेंटरिंगचे ठेकेदार होते. स्लॅबच्या सळ्या बांधायची तार त्यांच्या खिशात कायम असे. घरातलं फाटक, खुर्चीचा पाय, एकदा तर स्वतःची चप्पलसुद्धा त्यांनी तिनंच बांधली होती. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून दर अमावस्येला पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधत, तीही तारेनंच, कारण दोरा खड्ड्यात तुटतो. वाळलेलं लिंबू ओढून काढायचं आणि जुन्या गाठीवर नवी मारायची. त्यांच्यामागं अमरसिंहानं तेच चालवलं. गाठी साठत गेल्या आणि एका टोकानं हॉर्नची वायर घासून उघडी केली.

"गणपा, काय केलंस रं लेका!" हंबीरराव हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

अमरसिंह गाठींकडे बघत होता. "बाबांच्या हातचं हाय ते, आई. वायर बाजूला घेऊ. गाठी ऱ्हाऊ देत."

शालूबाईंनाही तेच वाटत होतं. दोन पीळ आणि टोक आत दुमडलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. ही गाठ त्यांनी डोळे मिटूनसुद्धा ओळखली असती. त्यांना त्या क्षणी नवरा फार हवासा वाटला.

"पक्कड द्या," त्या म्हणाल्या.

एकेक गाठ त्यांनी स्वतः तोडली. तोडताना रडल्या, आणि रडता रडता नवऱ्याला मनसोक्त शिव्याही दिल्या. हंबीररावांनी वायरला टेप गुंडाळली, नवा फ्यूज बसवला. तिघांनी गाडी गदागदा हलवली. फ्यूज शाबूत राहिला.

शालूबाई गाडीत बसल्या, आणि नेमका तेव्हाच टेम्पो गल्लीत शिरला. त्यांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. भंगारवाला खाली उतरून आला.

"मावशी, गाडी उचलायची हाय न्हवं?"

"एवढंच निघालं, पावणं." त्यांनी तारेचे तुकडे खिडकीतून त्याच्या ओंजळीत ओतले. "घेऊन जावा. आणि टेम्पो मागं घ्या, आज गुरुवार हाय, मला जयसिंगपूर गाठायचंय."

तो अमरसिंहाकडं बघायला लागला. अमरसिंह टेम्पोच्या मागं जाऊन उभा राहिला आणि "येऊ दे, येऊ दे" करत त्यानं तो पार रस्त्यापर्यंत मागं काढून दिला.

गंजानं तांबडे झालेले हात शालूबाईंनी वाटेत कुठंच पुसले नाहीत. आक्काच्या न्हाणीत, तिच्या डोक्यावर पहिला तांब्या घालायच्या आधी, त्यांनी ते धुतले.