खरवडलेली काच

“आधी हात काढ, मग बोल,” मुकर्रम ओरडली, आणि मिरवोहिदने मला टेबलावर ठेवलं. प्यालीतला चहा कधीच गार झाला होता.

ज्या काचेवरून हे चाललं होतं ना, ती मीच बोलतेय. फोटोची जुनी काच. वहीच्या पानाएवढी, एका अंगाला जिलेटिनचा थर. त्या थरातल्या चांदीत माणसं उलटी उमटतात, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. म्हणूनच असेल, गोड बोलणारा माणूस मला आधी काळाच दिसतो.

हा मिरवोहिद जुने फोटो जमवतो. कोकंद शहरातलं त्याचं हे घर, जिथे आम्ही आत्ता आलोय, अनोळखी पूर्वजांनी भरलंय. असल्या लोकांवर माझा भरवसा नाही. मला उजेडासमोर धरतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, “काही विशेष नाही.” विशेष नाही, तर मग खाली का ठेवत नाहीत?

“मुकर्रम-ओपा, शेवटचं सांगतो,” तो म्हणाला. आमच्याकडे ओपा म्हणजे ताई. “तुमच्या काचेतला हा अंगरखा बघा. रुंद पट्टे, कोपराशी ठिगळ. आता माझा फोटो बघा. तोच अंगरखा, तेच ठिगळ, आणि तोंड शाबूत! हेच तुमचे वडील. हे तोंड तिथे बसवून मोठा फोटो करून देतो. काच तेवढी माझ्याकडे राहू दे.”

“तेवढी! गाय नेतोस आणि माझ्या हातात दावं देतोस?”

तोंडाने ती असं म्हणाली खरी, पण तिची नजर त्या फोटोवरून हलत नव्हती. मला धसका बसला. कारण मुकर्रमने बाप पाहिलेलाच नाही.

तिच्या आईबापांना मी पाहिलं, मर्गिलान शहरात, फोटोग्राफर उस्ता नेमतच्या स्टुडिओत. नवं लग्न होतं. उस्ता काळ्या कापडाखाली शिरून ओरडला, “श्वास धरा!” दोघांनी असा धरला की सोडायचं भानच राहिलं नाही.

मग ती वाईट वर्षं आली. माणसांना देशाचे शत्रू ठरवून घरातून नेत. बापाला नेलं. अशा माणसाचा फोटो सापडला तर घरच्यांनाही नेत, म्हणून घरोघरी लोक फोटोंतल्या त्यांच्या तोंडांना शाई फासू लागले. उस्ता भीतीपोटी मला फोडायला निघाला होता. मुकर्रमची आई मला मागून घरी घेऊन आली. मुकर्रम तेव्हा पोटात होती. आईने शिवणाची सुई घेतली आणि नवऱ्याचं तोंड खरवडून काढलं. एका दमात नाही. थांबत, डोळे पुसत, पुन्हा खरवडत. मला फोडणं सोपं होतं. तिने फोडलं नाही.

तिथे आता नुसती काच आहे. कागदावर फोटो काढाल तर काळा डाग उमटतो. मला विचाराल तर मलाही तो चेहरा आठवत नाही. थर गेला, त्याच्याबरोबर आठवणही गेली. त्यामुळे मिरवोहिदला खोटं म्हणायची माझीही सोय नाही.

“तुझा आल्बम आण,” मुकर्रम म्हणाली.

“आल्बम कशाला?” असं म्हणत त्याने ताजा चहा ओतला, आणि प्याली काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याने थांबावं असं वाटलं तर घोटभरच ओततात; काठोकाठ म्हणजे आता निघा.

“ऊठ म्हणतोस होय मला? उठेन की. पण आल्बम बघून.”

तिने स्वतःच आल्बम ओढला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि थांबली. रुंद पट्ट्यांचा अंगरखा, कोपराशी ठिगळ, आत एक जाडजूड माणूस. पुढच्या पानावर तोच अंगरखा, आत काडीसारखा पोरगा. त्यापुढे दाढीवाला म्हातारा, बाह्या बोटांवर लोंबताहेत. तो अंगरखा स्टुडिओत खुंटीला असायचा. आमच्याकडे फाटक्या कपड्यात कुणी फोटोला उभं राहत नसे. जो येई त्याच्या अंगावर उस्ता तो चढवी.

“मिरवोहिद,” मुकर्रम हळूच म्हणाली, “या सगळ्यांचं माझ्या आईशी लग्न झालं होतं का रे?”

त्याचे कान लाल झाले. “स्टुडिओचा असेल अंगरखा. मला काय ठाऊक! पण ओपा, रागावू नका. यातलंच एखादं बरं तोंड निवडा ना. तुम्ही तरी कुठे पाहिलंय त्यांना? भिंतीवर काळा डाग टांगून बसणार आहात का?”

बाई, नको निवडूस, असं मी मनात म्हणत होते. पण माझं कोण ऐकणार? तिने आल्बममधल्या त्या तोंडांकडे पुन्हा एकदा पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग आल्बम मिटला, ओढणीच्या टोकाने मला पुसलं, फक्त कोऱ्या बाजूने. थराला बोटसुद्धा लावलं नाही.

“बसेन,” ती म्हणाली. “आईच्या सुईला ठाऊक होतं ती कुणाचं तोंड खरवडतेय, तो डाग तरी माझ्याच बापाचा आहे.”