नऊने भाग जातो

"काका, तुमचे किती पेपर राहिलेत?" शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने विचारलं.

"एक," पाऊणराव म्हणाले.

"माझाही एकच! कधीपासून राहिलाय?"

"सव्वीस वर्षं होतील."

एका कंपनीच्या बाहेरच्या खोलीत दोघंही हिशेबनिसाच्या एकाच जागेसाठी आले होते आणि दोघांच्याही मांडीवर एकसारखाच फॉर्म होता. मुलीने 'अपेक्षित पगार' या रकान्यात साठ हजार असं ठोकून दिलं आणि निवांतपणे पाण्याची बाटली उघडली.

पाऊणराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. हिशेबाच्या मोठ्या परीक्षेचा शेवटचा पेपर अडकला, तेव्हा जुन्या ऑफिसने ते ठेवलं आणि पगारवाढीपेक्षा जास्त नियमितपणे दिलं. पेपर 'पुढच्या खेपेला' द्यायचाच होता. मग वडील आजारी पडले, मग ऑफिसची वर्षअखेर आली, मग पुन्हा वर्षअखेर आली. मधल्या काळात तो विषयच परीक्षेतून काढून टाकला गेला. त्यामुळे आपण नेमके कशात नापास आहोत, हेही आता त्यांना खात्रीने सांगता येत नसे. गेल्या महिन्यात जुन्या मालकांनी ऑफिस बंद केलं आणि निरोपाची म्हणून पाऊणरावांच्या पाठीवर एक थाप मारली. थाप करमुक्त होती.

आज काय लिहायचं ते मात्र पक्कं ठरलेलं होतं. चोपन्न हजार. आहे ते घर पंचेचाळीसमध्ये चालायचं. वरचे नऊ म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या, बाल्कनी असलेल्या घराचं जास्तीचं भाडं. बायको तर आठवडाभर मनाने त्या बाल्कनीतच राहत होती. सकाळी निघताना तिने त्यांचा हात धरून तळव्यावर बॉलपेनने ५४ लिहून दिले होते.

"ऐन वेळी कच खाल तुम्ही. मी ओळखते ना."

पाऊणरावांनी पेन उचललं. रकाना चौकोनी होता, कोरा होता, आणि बघता बघता तो बाल्कनीएवढा झाला. त्यात दोन खुर्च्या आल्या. वारा आला. बायकोने कठड्यावर पाय ठेवले आणि काही न बोलता ती समोरच्या झाडाकडे बघत बसली. बारा वर्षांच्या संसारात ती अशी बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. आतून त्यांचा नंबर पुकारला, तेव्हा ते त्या वाऱ्यातून कसेबसे परत आले, आकडा लिहिला आणि आत गेले.

आत कंपनीच्या मालकीणबाई बसल्या होत्या. "अनुभव सव्वीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "आमच्या तक्त्यात 'पाच वर्षांहून जास्त' इथेच रेघ संपते."

"चालेल. मावतो मी त्यात."

बाईंनी कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. "बँकेचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही. सहाशे तीसचा फरक. आमची दोन माणसं तीन दिवस डोकं फोडतायत."

पाऊणराव खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना डुलकी लागली की काय, असं बाईंना वाटलं.

"सहाशे तीस," ते म्हणाले. "नऊने भाग जातो."

"मग?"

"दोन अंक एकमेकांच्या जागी बसले, की फरक नऊच्या पाढ्यात येतो. माणूस भुकेला असला, नाहीतर दुसऱ्याच विचारात असला, की होतं तसं. जेवणाआधीच्या नोंदी बघू या."

चौथ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "विजेचं बिल. भरलेत चार हजार आठशे दहा. लिहिलेत चार हजार एकशे ऐंशी."

बाईंनी दोनदा ताडून पाहिलं. "काका, मला असाच माणूस हवा होता, ज्याच्या हातून आकडा उलटा पडत नाही! आणि तुमची अपेक्षा पूर्ण मान्य. पंचेचाळीस हजार."

"पंचेचाळीस?"

बाईंनी फॉर्म त्यांच्याकडे फिरवला. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार. ४५.

फरक नऊ हजारांचा. भाग जात होता. तोंड उघडावं, तर ज्या गुणासाठी नोकरी मिळाली तो पाच मिनिटांत खोटा ठरणार. मिटावं, तर बाल्कनी गेली. सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो उलटे आकडे सरळ केले होते, पण त्यांतला एकही स्वतःचा नव्हता. ही सवय करायलाच राहून गेली होती.

"काही अडचण?"

"नाही. कधीपासून येऊ?"

बाहेर मुलीने विचारलं, "काका, किती लिहिलंत?"

"अंक दोन्ही बरोबर लिहिले," पाऊणराव म्हणाले.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"अपेक्षा पूर्ण मान्य."

तिने टाळी वाजवली.

"पण अपेक्षा पंचेचाळीस निघाली," ते म्हणाले, आणि चप्पल न काढता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"अहो, हातावर लिहून दिलं होतं ना!"

"उजव्या हातावर. त्यातच पेन होतं."

बायको त्या हाताकडे बघत राहिली. आकडा घामाने पसरला होता, पण वाचता येत होता. "डावा धरायला हवा होता मी."

"डाव्यात पिशवी होती."

"हो. तेही खरंच."

मग तिने एक खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेली. तिथे एकच मावायची. म्हणून दुसरी तिने मागे ठेवली, बसमधल्यासारखी. ती पुढे बसली, पाऊणराव मागे.

"दिसतंय का काही?"

"तुझे केस. आणि वर थोडं आकाश."

"पुरे की मग," ती म्हणाली, आणि तिने हळूच दोन्ही पाय उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.