चार टाके

मी एक जुनं चामड्याचं पाकीट आहे. पैशांचं नव्हे, नाव आणि फोन छापलेल्या व्हिजिटिंग कार्डांचं. मित्रांनो, आज मी रागात आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

जपानमधल्या ओकाया गावच्या इवाशिता स्प्रिंग कारखान्याच्या थोरल्या मालकांनी तीस वर्षांपूर्वी मला शिवून घेतलं. दोन कप्पे, मध्ये पातळ पडदा. पुढच्या कप्प्यात आपली कार्डं, मागच्यात लोकांनी दिलेली. कुणाचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, की बोलणं संपेपर्यंत मालक ते माझ्या पाठीवर ठेवत. केवढा मान होता मला! दर नव्या वर्षाच्या आधी ते मला मेण चोळत.

ते गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, केन्साकूकडे आलं. हा मला पँटच्या मागच्या खिशात घालतो आणि खुशाल माझ्यावर बसतो. बसून बसून पडदा उसवला.

"मालक, चार टाके घाला त्याला. कार्डं एकमेकांत जातात," जुन्या कारागीर तोमोए म्हणाल्या.

"बघू हो."

दोन वर्षं झाली. बघितलं कुणी?

यंदा कारखान्याचा जीव गावच्या तंत्रप्रदर्शनावर टांगलेला होता. नवं काम मिळालं नाही तर मार्चअखेर कुलूप, हे आठही कामगारांना ठाऊक होतं. तोमोएंनी केसाएवढ्या तारेची स्प्रिंग केली होती. औषधाचे पंप बनवणाऱ्या कंपनीचे हिराबायाशी भिंगातून ती पाहत कितीतरी वेळ उभे राहिले.

"कुणी केली ही?"

"मी."

"छान आहे. संध्याकाळी मालकांना कार्ड द्यायला सांगा."

तोमोएंकडे कार्ड नव्हतं. कारागिराला कार्ड कशाला हवं, असं केन्साकूचं म्हणणं.

संध्याकाळी गाठीभेटींच्या कार्यक्रमात हिराबायाशींपुढे रांग लागली. रांगेतच केन्साकूने शेजारच्या स्टॉलवाल्या मियोशीचं कार्ड घेतलं. तोही स्प्रिंगाच करतो. ते त्याने माझ्यात कोंबलं आणि उसवलेल्या पडद्यातून ते सरळ पुढच्या कप्प्यात, आपल्या कार्डांवर सरकलं. मग केन्साकूची पाळी आली. त्याने न बघता वरचं कार्ड काढलं, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. मी आतल्या आत तडफडत होतं. मागे माणसं खोळंबलेली, त्यामुळे हिराबायाशींनीही ते वाचलं नाही.

"सकाळची स्प्रिंग ना? माझी कार्डं संपली, माफ करा. सोमवारी मीच फोन करतो."

सोमवार गेला.

"आपणच करू ना फोन," तोमोए म्हणाल्या.

"ते करतो म्हणालेत. आपण केला तर उतावळे दिसू."

तीन आठवडे हा शहाणपणा चालला. मग कळलं, काम मियोशीला मिळालं. फोन त्याला गेला आणि त्या गृहस्थाने चूक दाखवली नाही, मिठाची गुळणी धरून बसला. केन्साकूने मला उलटंपालटं करून मियोशीचं कार्ड शोधलं. सापडणार कुठून?

"या भिकार पाकिटाने घात केला," म्हणत त्याने मला केराच्या टोपलीत भिरकावलं.

मी? मी घात केला?

तोमोएंनी मला उचललं. "पाकिटाला कशाला बोलता? दोन वर्षं सांगत होते मी." मार्चअखेर कुलूप लागलं.

आता मी तोमोएंच्या घरी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी सुईत दोरा ओवला. चहाचं पाणी उकळायच्या आत चारही टाके झाले. मित्रांनो, उसवलेलं तेव्हाच शिवा. एवढाच वेळ लागतो, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. पडदा आता घट्ट आहे. पुढचा कप्पा मात्र रिकामा आहे, कारण तोमोएंकडे अजूनही स्वतःचं कार्ड नाही.