अडतीस ज्वारी, एक उडीद

आमच्या बंधुमंडळाला शंभर वर्षं झाली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडणारच. एकेकाळी शंभरावर होतो, आता उरलो अकरा. त्यातल्या चौघांना ऐकू येत नाही, तिघांना दिसत नाही, आणि बाकीच्यांना पेन धरायचा कंटाळा. मी दानिएल साळवे, वय अठ्ठ्याहत्तर, मंडळाचा चिटणीस. छापखान्यात प्रुफं तपासली पस्तीस वर्षं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला माझा.

इतिहास तसा सरळ आहे. नाशकात शरणपूर रोडच्या आतल्या अंगाला आमची बेथेल वाडी, सगळी ख्रिस्ती घरं. एकोणीसशे सव्वीस साली वाडीत कोणी मेलं तर खांद्याला माणसं मिळत नसत. धर्म घेतला म्हणून भाऊबंदांनी नातं तोडलेलं, गाव तर लांबच. तेव्हा अकरा जणांनी शपथ घेतली की भावाच्या मयतीला भाऊ येईल. गळ्यात निळा पट्टा घालायचा, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली की निशाण धरून, ढोल वाजवत त्र्यंबक नाक्यापर्यंत जायचं. का, तर जगाला दिसू दे, आम्हालाही माणसं आहेत. माझा बाप सांगायचा, पहिल्या वर्षी एका भाजीवालीनं विचारलं होतं, "वरात झकास हाय, पण नवरा कुठंय?"

नियम दोनच कडक होते. पहिला, मंडळाच्या भावानं दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही. आमच्या आज्यापणज्यांनी पाटलांच्या दारात भाकरतुकड्यावर हलगी वाजवली होती. ती खाली ठेवून ते इथं आले. म्हणून आमचा ढोल फक्त आमच्या मिरवणुकीत वाजायचा, आणि आमच्या माजी अध्यक्षांच्या दारात सलामीचे तीन ठोके द्यायला.

दुसरा नियम उडदाचा. एखाद्या भावावर आळ आला की बाकी प्रत्येकाच्या हातात एक ज्वारीचा दाणा आणि एक उडीद द्यायचा. फडकं बांधलेल्या मडक्यात हात घालून एक टाकायचा, उरलेला तिथंच गिळायचा. ज्वारी म्हणजे राहू दे, उडीद म्हणजे घालवा. एक उडीद निघाला तरी भाऊ बाहेर. कोणाचा, हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही, मरेपर्यंत. पट्टा गळ्यात पडतानाच तशी शपथ घ्यावी लागे.

एवढं मी सप्टेंबरातच लिहून काढलं. मग एकोणीसशे सत्त्याऐंशी साल आलं आणि माझं पेन अडलं.

त्या साली याकोब कसबेचा पट्टा काढला. याकू माझा लंगोटीयार. एका बाकावर शिकलो, एका सायकलवर कामाला गेलो. मंडळाचा मोठा ढोल त्याच्याकडं होता आणि काय वाजवायचा पठ्ठ्या! रस्त्यावरचे रिक्षावाले इंजिन बंद करून ऐकत. त्याच्या मागं मी झांजा घेऊन. अठरा वर्षं मी त्याच्या मागं झांजा कुटल्या.

त्या उन्हाळ्यात त्याच्या कारखान्यातल्या गोरक्षचं घोटीला लग्न होतं. वाजंत्री आलेच नाहीत. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड उन्हात. याकूनं कोणाचा तरी ढोल घेतला आणि वरात मारुतीच्या देवळापर्यंत पोचवली. पैसा घेतला नाही, टॉवेल-टोपी तेवढी घेतली. आठ दिवसांत वाडीत बोभाटा झाला. अध्यक्ष होते भालेराव मास्तर, रूळ सरळ करतील असले ताठ. भर सभेत ते गरजले, "आज मैत्रीखातर वाजवला, उद्या भाकरीखातर वाजवाल! नियम सगळ्यांना सारखा." याकू मान खाली घालून उभा होता.

मग मडकं फिरलं.

आता लिहितोच. उडीद मी टाकला. मला याकू बाहेर जायला नको होता, देवाशपथ नको होता. मला वाटलं, मास्तर एवढे तापलेत, आठ-दहा उडीद तर पडणारच. तो जाणारच आहे तर माझ्या एकानं काय होतंय? वर्षभरानं सगळे हातापाया पडून त्याला परत घेतील. तोवर एक जानेवारी, फक्त एक, ढोल माझ्या गळ्यात. एवढाच हिशेब होता माझा. मी ज्वारी गिळली आणि जागेवर येऊन बसलो.

मास्तरांनी मडकं सतरंजीवर पालथं केलं. अडतीस दाणे ज्वारीचे आणि एक उडीद.

सगळी सभा मास्तरांकडं बघायला लागली. मास्तर त्या उडदाकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं की इतकं गरजून मास्तरांनीही ज्वारीच टाकलीय. एक ते, एक मी. ते शपथेला बांधलेले होते, आणि मी भित्रा होतो.

याकूनं पट्टा काढून टेबलावर ठेवला. "मास्तर, माझ्या दारात येऊन माफी मागाल तेव्हाच परत येईन," म्हणाला. मास्तर कसली माफी मागणार? न केलेल्याची? ते गेले नाहीत आणि हा आला नाही. ढोल माझ्याकडं आला, एका वर्षासाठी नाही, एकोणचाळीस वर्षांसाठी. दर जानेवारीला याकू आपल्या फाटकात उभा राहून आम्हाला बघायचा. मी समोरून वाजवत गेलो की अंगठा वर करायचा. "हात सैल सोड, दान्या!" असं ओरडायचासुद्धा.

इथंच थांबलं असतं तर मी कसंही गिळलं असतं. पण चौऱ्याण्णव साली याकूच्या संजनाचं आणि मास्तरांच्या रूबेनचं जमलं. पोरगी बाविशीची, नुकती शाळेत लागलेली. पोरगा गुणी, बँकेत. दोघंही एकमेकांवर जीव टाकायची. याकूनं ऐकलं आणि ताट भिरकावलं. "ज्यानं माझा पट्टा काढला त्याच्या घरात माझी पोर? माझं प्रेत ओलांडून जा म्हणावं!" मध्यस्थ म्हणून कोणाला बोलावलं? मलाच. मी त्याच्या ओट्यावर बसून कांदेपोहे खाल्ले आणि त्याला समजावलं, "अरे, झालं गेलं विसर." एक वाक्य बोललो असतो तर लग्न झालं असतं. ते सोडून बाकी सगळं बोललो. रूबेननं पाच वर्षं वाट पाहिली, मग मास्तरांच्या शेवटच्या आजारपणात लग्न केलं. संजनानं केलंच नाही. आज ती त्रेपन्नची आहे.

तर ह्या डिसेंबरात मी याकूकडं गेलो. दोन्ही किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितलेले. म्हटलं, "शंभरावं वर्ष आहे. पट्टा घे आणि चल. रिक्षात बस, पण चल."

त्याचे डोळे भरले. "येतो," म्हणाला. "पण पुस्तकात आधी लिही. सत्त्याऐंशी साली उडीद भालेरावांनी टाकला, असं नावानिशी लिही. छापून येऊ दे. मग मी मरायला मोकळा."

"लिहितो," मी म्हटलं. बघा, खरं गिळायची जन्मभराची सवय कशी जाणार?

संजना मला सोडायला फाटकापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, मास्तरांनीच टाकला होता का हो? रूबेन म्हणायचा, ह्या गोष्टीवरून ते एकटेच रडत बसायचे. उडीद टाकलेला माणूस असा रडेल का?"

तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. मला नाही राहवलं. "मी टाकला, बाळा," म्हटलं.

ती फाटकाची कडी धरून उभी राहिली. मला वाटलं, थोबाडीत मारेल, आणि मारावी असंही वाटलं. मग म्हणाली, "मला सांगून काय करू मी? बाबांना सांगा. मिरवणुकीच्या आधी सांगा."

तीन आठवडे होते. मी रोज त्याच्याकडं गेलो, रोज संत्री घेऊन गेलो, आणि रोज तसाच परत आलो.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी निघालो. अकरा म्हातारे, पुढं निशाण, बरोबर चर्चचे पाळकसाहेब, मागं वाडीतली बायकापोरं. नाशिकची थंडी, पट्टे स्वेटरवर घातलेले. याकू रिक्षात, मांडीपुढं ढोल, शेजारी संजना. हातात जीव नव्हता, पण ठेका तोच! लोक गॅलरीत आले. मी रिक्षाला धरून चालत होतो आणि लहान पोरासारखा रडत होतो.

भालेरावांच्या दारात मिरवणूक थांबली. रूबेन बाहेर उभा होता, टोपी हातात घेऊन, बापाच्या सलामीसाठी. साठीला आलेला माणूस. त्यानं संजनाकडं पाहिलं नाही, तिनंही त्याच्याकडं पाहिलं नाही.

याकूनं ढोलाचं टिपरू मांडीवर ठेवलं. "ह्या दारात मी वाजवणार नाही," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि रूबेन, तुझ्या बापाचं नाव पुस्तकात येतंय. उडीद कोणी टाकला ते छापून येतंय. विचार ह्या दान्याला!"

रूबेननं माझ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. मी टोपी काढली आणि ओरडलोच, "खोटं आहे ते! मास्तरांनी ज्वारी टाकली. उडीद माझा होता. मी टाकला, याकू. मला ढोल हवा होता."

याकू माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पाहिलंत?" तो सगळ्यांना म्हणाला. "पाहिलंत हा माणूस? मी मरताना कुढत जाऊ नये म्हणून दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय. वेड्या, शपथ मोडलीस की रे माझ्यासाठी!"

"याकू, खरं सांगतोय—"

"गप. पहिल्यापासून तू असाच मऊ. संजनाच्या वेळीही माझ्या ओट्यावर येऊन हात जोडलेस." त्यानं टिपरू उचललं. "रूबेन, तुझ्या बापासाठी नाही हां. ह्याच्यासाठी."

आणि त्यानं सलामीचे तीन ठोके दिले. मास्तरांच्या दारात. बायका पदर डोळ्याला लावून उभ्या. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रूबेन माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हणत राहिलो, "अरे ऐका, मीच टाकला," आणि सगळे "हो काका, हो," म्हणत राहिले. मी संजनाकडं पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा होता, बापानं तिचं ऐकलं असतं. तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला, पुढं घ्या."

याकू सतरा तारखेला गेला. पट्ट्यासकट पुरला. मयतीच्या उपदेशात पाळकसाहेबांनी माझी गोष्ट सांगितली, मित्रासाठी आपलं नाव खराब करणाऱ्या माणसाची म्हणून. मी पहिल्या बाकावर बसून ती ऐकली.

चार दिवसांनी संजनाकडं गेलो. तिनं खुर्ची दिली, चहा ठेवला. मी विचारलं, "तू का नाही बोललीस? तुझं पटलं असतं त्याला."

"पटलं असतं म्हणूनच नाही बोलले," ती म्हणाली. "काका, तुमचं खरं मानलं असतं तर त्यांना हेही कळलं असतं ना, की माझं लग्न त्यांनी विनाकारण मोडलं. मास्तरांचा काही दोष नव्हता, आणि मी उगाच राहिले. शेवटच्या दहा-बारा दिवसांत ते घेऊन काय केलं असतं त्यांनी? त्या मोडलेल्या लग्नाचं मला काय झालं ते त्यांना कळू नये, म्हणून तीस वर्षं मी मनात धरून राहिले. आता शेवटाला कशाला सांगू?"

"मला क्षमा कर, बाळा," एवढंच म्हटलं.

"बाबा फार मानायचे तुम्हाला," ती म्हणाली. "चहा घ्या, गार होतोय."

मी चहा प्यालो. तिनं कप उचलला, मोरीत नेऊन विसळला, पदराला हात पुसत दारात आली.

"काका," ती म्हणाली, "आता येत जाऊ नका."