नेम चुकलेला घाव

मी एक जुना घण आहे. मित्रांनो, माझा जन्मच मारातून झाला. लालभडक तापवून मला ठोकून काढलं आणि पुढे आयुष्यभर मी दुसऱ्यांना ठोकत आलो.

माझे मालक दोघे लोहार भाऊ. दादा तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा, हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवायचा. धाकटा मला डोक्यावरून फिरवून नेमका तिथेच हाणायचा. बावीस वर्षांत माझा एकही घाव वाया गेला नाही. लोक मुद्दाम बघायला थांबत.

मग दादाच्या सांडशीत लोखंड फिरू लागलं. एकदा लाल पात उडाली आणि धाकट्याची पोटरी भाजून गेली.

"नीट धर की, दादा!"

"तू नीट हाण! लग्न झालं आणि नेम गेला तुझा."

धाकट्यानं मला आपटलं आणि दादाची गचांडी धरली. दोघे कोळशात लोळले, दादाचं नाक फुटलं. वहिनी मध्ये पडली. "अहो, बोटांना मुंग्या येतात ते सांगा ना त्याला! महिनाभर तेल चोळतेय मी."

"गप्प बस. लोहाराचा हात आहे, बधिरच असायचा."

पुढच्याच आठवड्यात एक लांब पहार आली. दादानं तिचं गार टोक हातानंच धरलं. नजर टिचकीच्या जागेवर होती, हात मात्र घसरत घसरत ऐरणीवर आला. कातडी जळाल्याचा वास सुटला, तोवर मी खाली उतरलो होतो. हाडं फुटली. रक्त तापल्या लोखंडावर चरचरलं. किंचाळला तो धाकटा. दादा नुसता आपल्या हाताकडे बघत म्हणाला,

"दुखत कसं नाही रे?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं कापली, पण त्या प्रश्नापाशी अडून बसल्या. हातपाय टोचून पाहिले, रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले. फुप्फुसात कर्करोगाची बारीक गाठ निघाली. खोकलासुद्धा नव्हता. धाकट्यानं वहिनीला इथेच उभं राहून सांगितलं, "अंगातली रोगाशी लढणारी ताकद त्या गाठीवर तुटून पडलीय, वहिनी, पण घाव बसतायत जाणिवेच्या नसांवर. म्हणून हात बधिर."

नेम चुकलेला घाव मला समजावून सांगावा लागला नाही.

गाठ वेळेत सापडली, उपचार चालू आहेत. हातातली जाणीव परतली नाही. धाकटा मला शिवत नाही, मी कोपऱ्यात गंजतोय. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, लोखंडाला दुखत नसतं. पण माणसाचा हात बधिर होऊ लागला, तर कष्टाचा हात म्हणून सोडून देऊ नका. दाखवा कुणाला तरी.

काल दादा आला. उरलेली तीन बोटं त्यानं माझ्यावर ठेवली.

"गार आहे का रे हा?"

धाकट्यानं कितीतरी दिवसांनी मला हात लावला. "गार आहे, दादा."

"मग उचल."